मोजून पाहणारा डॉक्टर : सर रिचर्ड डॉल

सर रिचर्ड डॉल (१९१२–२००५) हे ब्रिटिश डॉक्टर आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, ही गोष्ट ज्या अभ्यासांमुळे जगाला मान्य करावी लागली, ते अभ्यास त्यांनी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या जोडीने केले. त्यांनी एखादा जंतू शोधला नाही किंवा एखादी शस्त्रक्रिया रूढ केली नाही. नीट बेतलेली प्रश्नावली, काळजीपूर्वक निवडलेले तुलनेचे गट, मृत्यूच्या नोंदी आणि गणित एवढ्याच साधनांवर त्यांनी सहा दशके काम केले. त्या कामाच्या मुळाशी एक सवय होती. मनातला अंदाज आधी मोजून पाहायचा, आणि आकडे विरोधात गेले तर अंदाज सोडून द्यायचा. ही सवय त्यांना बहुतेक वेळा लाभदायक ठरली. जिथे ते चुकले, तिथे ती चूक दुरुस्त करायलाही तीच कामी आली.

गणिताकडून वैद्यकाकडे

विल्यम रिचर्ड शॅबो डॉल यांचा जन्म २८ ऑक्टोबर १९१२ रोजी लंडनजवळच्या हॅम्प्टन येथे झाला. वडील डॉक्टर होते, आई उत्तम पियानोवादक. वडिलांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार जडला आणि त्यांना लवकर व्यवसाय सोडावा लागला. रिचर्ड लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत शिकले. त्यांचा ओढा गणिताकडे होता आणि केंब्रिजला जाऊन गणितच शिकायचे, असे त्यांनी ठरवले होते.

केंब्रिजच्या शिष्यवृत्ती परीक्षेत शेवटचा पेपर बिघडला. आदल्या रात्री मित्रांसोबत ट्रिनिटी कॉलेजची कडक बिअर जास्त झाली होती, हे कारण डॉल पुढे स्वतःच सांगत. त्यांना हवी होती ती मोठी शिष्यवृत्ती मिळाली नाही. तिच्या जागी देऊ केलेली लहान शिष्यवृत्ती त्यांनी नाकारली, आणि वडिलांच्या इच्छेला मान देऊन वैद्यकाचा रस्ता धरला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयातून १९३७ मध्ये ते डॉक्टर झाले. गणिताची आवड मात्र सुटली नाही, आणि पुढे तीच त्यांच्या वैद्यकीचा कणा बनली.

हा काळ मंदीचा आणि बेकारीचा होता. १९३६ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील जॅरो गावचे बेकार कामगार रोजगार मागण्यासाठी पायी लंडनला आले. त्यांच्या पायांना आलेल्या फोडांवर मलमपट्टी करणाऱ्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यांत डॉल होते. याच दशकात त्यांनी नाझी राजवटीतील जर्मनीला भेट दिली. तिथे एका व्याख्यानात क्ष-किरणांना नाझी सैनिक आणि कर्करोगाच्या पेशींना ज्यू असे दाखवणारी चित्रे त्यांनी पाहिली. विज्ञानाचा असा विद्वेषी वापर पाहून ते हादरले. तरुण वयात ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. सोव्हिएत फौजांनी १९५६ मध्ये हंगेरीतील उठाव चिरडल्यानंतर ते त्या पक्षापासून दूर झाले. उपचार प्रत्येकाला मिळाले पाहिजेत, खिशात पैसे असोत वा नसोत, ही धारणा मात्र कायम राहिली. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या मनापासूनच्या पाठीराख्यांपैकी ते एक होते.

युद्ध आणि आजारपण

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि डॉल लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. फ्रान्समधील माघारीत ते सैन्याच्या तुकडीसोबत होते आणि १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्लंडला परतले. त्या दिवसांची त्यांची रोजनिशी पन्नास वर्षांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली गेली. पुढे इजिप्तमध्ये आणि रुग्णालयाच्या जहाजावरही त्यांनी काम केले. युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांना मूत्रपिंडाचा क्षय झाला आणि एक मूत्रपिंड काढून टाकावे लागले. एकाच मूत्रपिंडावर पुढली साठ वर्षे ते काम करत राहिले.

युद्धानंतर लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयात फ्रान्सिस एव्हरी जोन्स या पोटविकारतज्ज्ञांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. विषय होता जठराचा आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा व्रण, म्हणजे अल्सर. तो कोणत्या व्यवसायातील माणसांना जास्त होतो, हे शोधायचे होते. अल्सरच्या रुग्णाला महिनोन्‌महिने दुधावर आणि मऊ, बेचव अन्नावर ठेवण्याची तेव्हा पद्धत होती. डॉल आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे गट पाडून तुलना केली, तेव्हा या आहाराने व्रण लवकर बरा होतो असे दिसले नाही. धूम्रपान थांबवल्यावर जठराचा व्रण लवकर भरतो, हे मात्र दिसून आले. ज्येष्ठमधापासून बनवलेल्या कार्बेनॉक्सोलोन या औषधाने व्रण भरून येण्यास मदत होते, हेही त्यांच्या चाचणीत दिसले. वर्षानुवर्षे चालत आलेला उपचार तपासून पाहिल्याशिवाय खरा मानायचा नाही, हा धडा त्यांनी या कामात गिरवला.

६१२ वरून ९,२८७

डॉल यांचे नाव ज्या कामाशी कायमचे जोडले गेले, त्याची सुरुवात मृत्यूच्या नोंदींपासून झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ६१२ मृत्यू नोंदले गेले होते. १९४७ साली हाच आकडा ९,२८७ वर गेला. पंचवीस वर्षांत पंधरापट! निदानाच्या पद्धती सुधारल्या, क्ष-किरण तपासणी सर्रास होऊ लागली, म्हणून जुना रोग आता नव्याने दिसतो आहे, असे काहींचे म्हणणे होते. पण एवढी वाढ तेवढ्याने समजावून सांगता येत नव्हती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने कारण शोधायचे ठरवले आणि हे काम ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे आले.

हिल लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. तरुणपणी क्षयाने आजारी पडल्यामुळे त्यांचे डॉक्टर होण्याचे स्वप्न मोडले होते. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची चाचणी त्यांनीच आखली होती. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे, ही रीत त्या चाचणीमुळे वैद्यकात रुजली. संख्याशास्त्र जाणणाऱ्या हिल यांना आता रोग जाणणारा आणि गणिताला न बिचकणारा डॉक्टर हवा होता. तो त्यांना डॉल यांच्यात मिळाला.

संशयित तेव्हा बरेच होते. घराघरांतल्या आणि कारखान्यांतल्या कोळशाचा धूर, मोटारींची वाढती संख्या, रस्त्यांवर पसरले जाणारे डांबर. डांबरात कर्करोगकारक द्रव्ये असतात हे माहीत होते, म्हणून डॉल यांचा स्वतःचा कल डांबराकडे होता. सिगारेटवर त्यांचा मुख्य संशय नव्हता, आणि ते स्वतः ती ओढत होते. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये दहा पुरुषांपैकी आठजण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू ओढत. जी सवय जवळजवळ प्रत्येकाला आहे, तिच्याकडे रोगाचे कारण म्हणून पाहणे सोपे नसते.

अभ्यासाची रचना साधी होती. १९४८ पासून लंडनच्या २० रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा संशय असलेले रुग्ण दाखल झाले की कळवण्यात येई. प्रशिक्षित समाजसेविका खाटेजवळ बसून रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारत. राहायला कुठे होता, काम काय केले, घरात शेगडी कसली होती, तंबाखू ओढता का, कोणत्या वयापासून, दिवसाला किती, कधी सोडली होती का. अशा प्रत्येक रुग्णामागे त्याच रुग्णालयातील, त्याच वयोगटातील, पण दुसऱ्या आजाराने आलेली स्त्री किंवा पुरुष निवडून तेच प्रश्न विचारले जात. रोग झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या पूर्वायुष्यात फरक कशात आहे, ते या रीतीने दिसते.

उत्तरे जमत गेली तसे डांबर मागे पडले आणि सिगारेट पुढे आली. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तुलनेसाठीचे ७०९ रुग्ण यांची माहिती समोर होती. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांपैकी आयुष्यात कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ होते. तुलनेच्या गटातील तितक्याच पुरुषांत असे २७ निघाले. शिवाय जो जितके जास्त ओढत होता, तितका त्याचा धोका वाढत होता. काम संपण्याआधीच डॉल यांनी सिगारेट सोडून दिली.

या अभ्यासातील एक तपशील मुद्दाम पाहण्यासारखा आहे. एखाद्या रुग्णाला फुप्फुसाचा कर्करोग आहे असे वाटले, की प्रश्न विचारणारी व्यक्ती नकळत त्याच्याकडून धूम्रपानाची जास्त कबुली काढून घेईल, ही शंका रास्त होती. काही रुग्णांचे निदान पुढे चुकीचे ठरले. मुलाखतीच्या वेळी समाजसेविकेच्या दृष्टीने ते कर्करोगाचे रुग्ण होते, पण प्रत्यक्षात त्यांना दुसराच आजार निघाला. मुलाखतीतील पूर्वग्रहानेच आकडे फुगवले असते, तर या लोकांच्या सवयी कर्करोग्यांसारख्या दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या इतर आजारांच्या रुग्णांसारख्या. चुकीच्या निदानांनीच अभ्यासाचा खरेपणा दाखवून दिला.

निष्कर्ष हाती आल्यावरही घाई झाली नाही. लंडनपुरती एखादी वेगळी गोष्ट तर नसेल ना, हे तपासण्यासाठी इतर शहरांतही अभ्यास करावा, असा सल्ला कौन्सिलकडून मिळाला. दरम्यान अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि एव्हर्ट्स ग्रॅहम यांचा याच विषयावरील लेख १९५० च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, जर्मनीत फ्रान्झ म्युलर यांनी असाच संबंध दाखवला होता. डॉल आणि हिल यांचा लेख ३० सप्टेंबर १९५० रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पंचेचाळीस वर्षांवरील माणसांत, दिवसाला २५ किंवा अधिक सिगारेट ओढणाऱ्यांना असलेला धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे ५० पट असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. पुढे ब्रिस्टल, केंब्रिज, लीड्स आणि न्यूकॅसल येथील रुग्णालयांतही तेच चित्र दिसले.

डॉक्टरांनाच विचारलेले प्रश्न

लोकांवर आणि वैद्यकीय वर्तुळावर या लेखाचा परिणाम थोडाच झाला. आजारी माणसाला मागचे आठवायला सांगणे ही या रीतीची कमजोर बाजू होती. दुसरी रीत उलट दिशेने जाणारी होती. निरोगी माणसांच्या सवयी आज लिहून घ्यायच्या आणि पुढे कोणाला काय होते ते वर्षानुवर्षे पाहत राहायचे. यासाठी मोठा समूह हवा आणि त्यातील माणसे हरवून जाता कामा नयेत. हिल यांनी निवड केली डॉक्टरांची. त्यांची नावे सरकारी नोंदवहीत असतात, ते नेमकी उत्तरे देतात आणि मृत्यूनंतर त्यांच्या रोगाचे निदान बहुधा काटेकोर झालेले असते.

१९५१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधील सुमारे ६०,००० डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली टपालाने गेली. ती मुद्दाम लहान ठेवली होती, म्हणजे व्यग्र डॉक्टरही दोन मिनिटांत भरून पाठवील. चाळीस हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा पुढची पन्नास वर्षे झाला. एखाद्या डॉक्टरच्या मृत्यूची नोंद झाली की कारण कळवले जाई, आणि ते त्याच्या जुन्या उत्तराशी जोडले जाई.

पहिले निष्कर्ष अडीच वर्षांतच, २६ जून १९५४ रोजी छापले गेले. तोवर पस्तीस वर्षांवरील ७८९ पुरुष डॉक्टर मरण पावले होते. त्यांपैकी ३६ जणांचा मृत्यू फुप्फुसाच्या कर्करोगाने झाला होता, आणि ते सगळे धूम्रपान करणारे होते. रोजच्या तंबाखूचे प्रमाण वाढत जाई, तसा मृत्यूचा दरही पायरीपायरीने चढत होता. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन येणाऱ्या मृत्यूंशीही धूम्रपानाचा संबंध दिसू लागला होता. डॉक्टरांनी हे वाचले ते आपल्याच व्यवसायबंधूंच्या मृत्यूंचा हिशेब म्हणून. त्यांच्यातील धूम्रपान इतर समाजापेक्षा लवकर कमी होऊ लागले.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्येच पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, मुंबईहून आलेला एक लेख छापला गेला. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमधील एल. डी. संघवी, के. सी. राव आणि व्ही. आर. खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांचा संबंध तपासला होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. लंडनमध्ये रोग फुप्फुसात दिसत होता. इथे बिडी, पान-तंबाखू यांच्या वापरामुळे तो तोंडात आणि घशात दिसत होता. तंबाखू घेण्याची रीत बदलली की रोगाची जागा बदलते, हे दोन्ही अभ्यास एकत्र ठेवल्यावर स्पष्ट होते.

आक्षेप आणि उत्तरे

संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हा मुख्य आक्षेप होता. तो घेणाऱ्यांत रोनाल्ड फिशर होते, आणि आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती या दोन्ही गोष्टी एकाच आनुवंशिक घटकातून येत असतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते.

डॉल आणि हिल यांचे उत्तर आकड्यांतच होते. माणसांची आनुवंशिकता पंचवीस वर्षांत बदलत नाही, मग मृत्यू पंधरापट कसे झाले? ज्या डॉक्टरांनी सिगारेट सोडली, त्यांचा धोका सोडल्यापासूनच्या वर्षांबरोबर घटत का गेला? आनुवंशिक प्रवृत्ती तर सिगारेट विझवल्याने जात नाही. हा वाद आणि अशाच इतर प्रश्नांचा विचार करून हिल यांनी १९६५ मध्ये कारण ठरवण्याचे निकष मांडले. संबंध किती जोरकस आहे, ठिकठिकाणी तोच दिसतो का, कारण आधी आणि परिणाम नंतर आहे का, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, असे ते मुद्दे आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात ते आजही शिकवले जातात.

सरकारी यंत्रणा हळूहळू हलली. १९५४ च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकार परिषदेत हा संबंध मान्य केला, आणि त्याच परिषदेत ते स्वतः सिगारेटमागून सिगारेट ओढत होते. मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५७ मध्ये धूम्रपान हे कारण असल्याचे जाहीर केले. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. तिथून जाहिरातींवरील बंधने, पाकिटांवरील इशारे आणि तंबाखूवरील कर यांचा प्रवास सुरू झाला.

अॅस्बेस्टॉस, किरणोत्सर्ग आणि इतर कारणे

सिगारेटच्या कामामुळे डॉल यांची बाकीची कामे झाकली जातात, पण तीही मोठी आहेत. १९५५ मध्ये त्यांनी अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातील कामगारांचा अभ्यास छापला. वीस किंवा अधिक वर्षे धुळीत काम केलेल्या ११३ पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाने ११ मृत्यू झाले होते. सामान्य लोकांच्या प्रमाणाने असा जेमतेम एक मृत्यू अपेक्षित होता. हा लेख छापला जाऊ नये यासाठी कारखानदारांकडून दबाव आला. तो छापला गेला, आणि अॅस्बेस्टॉसविरुद्धच्या पुराव्यात महत्त्वाचा ठरला. वेल्समधील निकेल शुद्धीकरणाच्या कामगारांमध्ये नाकाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आले.

हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे किरणोत्सर्गाची भीती जगभर पसरली होती. थोड्या किरणोत्सर्गाने रक्ताचा कर्करोग होतो का, हा प्रश्न होता. पाठीचा कणा ताठरणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या विकारावर तेव्हा क्ष-किरणांचा मारा हा उपचार होता. डॉल आणि विल्यम कोर्ट ब्राउन यांनी असा उपचार घेतलेल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी देशभरातील रुग्णालयांतून गोळा केल्या. रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण किरणांच्या मात्रेबरोबर वाढते, असे १९५७ च्या त्यांच्या अहवालात दिसले. १९६८ मध्ये मार्टिन व्हेसी यांच्यासोबत केलेल्या अभ्यासाने गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्तात गुठळ्या होणे यांचा संबंध पुढे आणला.

ऑक्सफर्डची वर्षे

हिल निवृत्त झाल्यावर कौन्सिलच्या संख्याशास्त्रीय विभागाची धुरा डॉल यांच्याकडे आली. १९६६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९६९ मध्ये त्यांची ऑक्सफर्डच्या रीजिअस प्रोफेसर ऑफ मेडिसिन या पदावर नेमणूक झाली. आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये स्थापन केलेले हे अध्यासन. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ऑस्लर त्यावर होते. रुग्णशय्येपाशी निदान करणाऱ्या नामवंतांच्या परंपरेत आता आकड्यांचा अभ्यासक येऊन बसला, यातच वैद्यकाची बदललेली दिशा दिसते. १९७१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

ऑक्सफर्डला येताना त्यांच्यासोबत रिचर्ड पीटो हा तरुण संख्याशास्त्रज्ञ आला. कर्करोग कितपत टाळता येतो, या प्रश्नावर दोघांनी १९८१ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका कार्यालयासाठी सविस्तर अहवाल लिहिला. अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३० टक्के तंबाखूमुळे होतात आणि आहाराचाही वाटा तितकाच मोठा असू शकतो, असे त्यांनी मांडले. आहाराचा आकडा अंदाजाचा आणि तंबाखूचा भक्कम पुराव्याचा आहे, हा फरकही त्यांनी स्पष्ट केला.

विद्यापीठातील क्लिनिकल शिक्षणाचा विस्तार करण्याचे काम डॉल यांनी केले. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना हक्काचे घर असावे म्हणून त्यांनी नवे कॉलेज उभारण्याचा ध्यास घेतला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचे एक संस्थापक सेसिल ग्रीन आणि त्यांच्या पत्नी आयडा यांच्या देणगीतून १९७९ मध्ये अठराव्या शतकातील जुन्या वेधशाळेच्या आवारात ग्रीन कॉलेज सुरू झाले. डॉल त्याचे पहिले प्रमुख झाले आणि १९८३ पर्यंत त्या पदावर राहिले. आज ते ग्रीन टेम्पलटन कॉलेज म्हणून ओळखले जाते. या सगळ्या प्रवासात त्यांच्यासोबत पत्नी जोन फॉकनर होत्या. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मुख्यालयात काम करत. दोघांचा विवाह १९४९ मध्ये झाला. २००१ मध्ये जोन यांचे निधन झाले.

चुका आणि वाद

डॉल यांच्या कारकिर्दीत एक ठळक चूक आहे. १९५० च्या दशकात अॅलिस स्ट्युअर्ट या ऑक्सफर्डच्या डॉक्टर-संशोधिकेने एक शोध मांडला. गर्भारपणात आईच्या पोटाचे क्ष-किरण चित्र काढले गेले असेल, तर मुलाला लहानपणी कर्करोग होण्याचा धोका वाढतो, असे त्यांना आढळले होते. डॉल आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये वेगळ्या पद्धतीने अभ्यास केला. त्यांना हा संबंध दिसला नाही, आणि स्ट्युअर्ट यांच्या निष्कर्षावर अनेक वर्षे शंका घेतली गेली. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी स्ट्युअर्ट बरोबर असल्याचे दाखवले. १९९७ मध्ये डॉल यांनी रिचर्ड वेकफर्ड यांच्यासोबत सगळा पुरावा नव्याने तपासला आणि हा धोका खरा असल्याचे लिहिले. आपलाच जुना निष्कर्ष पुराव्यापुढे मागे घेण्याचे हे काम त्यांनी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी केले. तोवर स्ट्युअर्ट यांना मान मिळायला फार उशीर झाला होता, हेही तितकेच खरे.

दुसरा वाद त्यांच्या मृत्यूनंतर उभा राहिला. मॉन्सँटो या अमेरिकन रसायन कंपनीकडून त्यांना अनेक वर्षे सल्लागार म्हणून मानधन मिळत होते, हे २००६ मध्ये जाहीर झाले. व्हिनाइल क्लोराइड या रसायनाच्या धोक्याचा १९८८ मधील त्यांचा आढावाही रसायन उद्योगाच्या पैशातून झाला होता. अशी मानधने तेव्हा उघड करण्याची प्रथा नव्हती आणि डॉल यांनी त्यांतील रकमा ग्रीन कॉलेजला दिल्या, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले. रसायनांच्या धोक्याबद्दलची त्यांची मते उद्योगाला सोयीची ठरली, असे टीकाकारांनी म्हटले. संशोधकाला पैसा कोणाकडून मिळतो, हे प्रत्येक लेखाखाली छापण्याची पद्धत आज सर्वत्र आहे. अशा उदाहरणांकडे पाहिले की तिची गरज पटते.

पन्नास वर्षांचा हिशेब

निवृत्तीनंतरही डॉल ऑक्सफर्डमध्ये पीटो यांच्या विभागात रोज कामाला येत. १९५१ मध्ये प्रश्नावली भरणाऱ्या डॉक्टरांचा पाठपुरावा चालूच होता. दहा, वीस आणि चाळीस वर्षांनी त्याचे अहवाल आले. पन्नास वर्षांचा अहवाल २६ जून २००४ रोजी छापला गेला. १९५४ चा पहिला अहवाल आला होता, तीच ही तारीख आणि तेच नियतकालिक. डॉल तेव्हा ९१ वर्षांचे होते आणि लेखकांच्या यादीत त्यांचे नाव पहिले होते.

तोवर पाठपुराव्यातील सुमारे तीन चतुर्थांश डॉक्टर मरण पावले होते, त्यामुळे पूर्ण आयुष्याचा हिशेब मांडता आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरीने न ओढणाऱ्यांपेक्षा १० वर्षे आधी मरण पावले होते. सतत ओढत राहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचा जीव त्या सवयीनेच घेतला होता. हा आकडा १९५० च्या अंदाजांपेक्षा कितीतरी भीषण होता, कारण धूम्रपानाचे परिणाम पूर्ण दिसायला अर्धे शतक लागले. अहवालाचा दुसरा भाग दिलासा देणारा होता. साठाव्या वर्षी सिगारेट सोडली तर सुमारे ३ वर्षे वाचतात, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ पूर्ण १० वर्षे. सोडायला कधीच उशीर झालेला नसतो, आणि लवकर सोडणे सर्वांत चांगले, हा सल्ला आज जगभरचे डॉक्टर देतात तो याच आकड्यांच्या आधारे.

२४ जुलै २००५ रोजी, थोड्या दिवसांच्या आजारानंतर, ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात डॉल यांचे निधन झाले. ते ९२ वर्षांचे होते. ऑक्सफर्डमध्ये रोगांच्या कारणांचा शोध घेणारे विभाग ज्या इमारतीत एकत्र आणले गेले, तिला रिचर्ड डॉल यांचे नाव आहे. म्हातारपणी येणारा मृत्यू टाळता येत नाही, पण म्हातारपणाआधीचे बरेचसे मृत्यू टाळता येतात, हे डॉल आग्रहाने सांगत. ते सांगण्याइतका पुरावा त्यांनी स्वतः गोळा केला होता: प्रश्नावलीच्या एकेका उत्तरातून आणि मृत्यूच्या एकेका नोंदीतून.